वीज नेमकी कुठं पडली, हे पुण्यात कसं कळतं? बालाघाट-गोंदियाच्या आकाशावर नजर ठेवणारं जाळं

बालाघाट : रोवणीच्या दिवसांत बालाघाट, वारासिवनी, लांजी, कटंगीपासून पलीकडच्या गोंदिया, आमगाव, तुमसरपर्यंत माणसं दिवसभर बांधीत असतात. पाय पाण्यात, डोक्यावर मोकळं आकाश आणि आसऱ्याला एखादं मोहाचं झाड. विजेचा धोका सगळ्यात जास्त असतो तो अशाच जागी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये नैसर्गिक आपत्तींनी देशात 8,060 जणांचा जीव घेतला. त्यातले 2,887 वीज पडून गेले आणि राज्यांच्या यादीत मध्यप्रदेश सर्वांत वर होता.

या विजेवर आणि तिला आणणाऱ्या ढगांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे. मात्र ती कुठल्या एका यंत्रावर चालत नाही. दूरदूर बसवलेली यंत्रं आपापली माहिती एकत्र करतात, तेव्हाच चित्र पूर्ण होतं.

एकटं रडार कुठं कमी पडतं?

या भागाला जवळचं मोठं डॉप्लर रडार नागपूरचं. रडार रेडिओ लहरींचा झोत सोडतं. तो पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून ढगाचं अंतर कळतं, किती जोरात परत आला यावरून पावसाचा जोर कळतो आणि लहरींत पडलेल्या फरकावरून वारा रडारकडे येतोय की दूर जातोय ते कळतं.

अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. रडारचा झोत जवळपास सरळ जातो आणि जमीन मात्र खाली वळत जाते. नागपूर ते बालाघाट सरळ रेषेत साधारण 135 किलोमीटर. अर्धा अंश वर धरलेला झोत बालाघाटवर पोहोचतो तेव्हा तो सव्वादोन किलोमीटर उंचीवर असतो. बैहरवर तर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे उंच गडगडाटी ढगाचं डोकं रडारला दिसतं, पण त्याच्या पायथ्याशी काय चाललंय ते दिसत नाही. डोंगर मध्ये आला तर त्यामागचं आणखी झाकलं जातं.

दुसरी अडचण वाऱ्याची. एक रडार फक्त आपल्या दिशेनं येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वारा मोजतं. आडवा वाहणारा वारा त्याला कळत नाही. तोच ढग दुसऱ्या रडारनं दुसऱ्या बाजूनं पाहिला, की दोन्ही मापं जोडून वाऱ्याची खरी दिशा काढता येते. म्हणून हवामान विभाग अनेक रडारांची चित्रं जोडून एक चित्र तयार करतो. केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये 2,000 कोटींचं ‘मिशन मौसम’ मंजूर केलं, त्यातही रडारांची संख्या वाढवण्यावर भर आहे.

वीज पकडणारं जाळं

विजेची गोष्ट वेगळी. तिच्याकडे झोत सोडावा लागत नाही, ती स्वतःच रेडिओ लहरी फेकते. गडगडाट व्हायच्या आधी जुन्या रेडिओवर खरखर यायची, ती हीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं या लहरी टिपणाऱ्या सेन्सरांचं जाळं उभारलं आहे. देशभरात असे 80 हून जास्त सेन्सर असून त्यांची माहिती पुण्यात एकत्र होते.

जागा कशी सापडते? समजा, तिरोडीच्या उघड्या खाणीत सुरुंग उडाला. तीन गावांत तीन माणसं घड्याळं जुळवून बसली आहेत. पहिल्याला आवाज दुसऱ्यापेक्षा तीन सेकंद आधी आला, म्हणजे सुरुंगाची जागा त्याला सुमारे एक किलोमीटर जवळ. पण एवढ्यानं जागा ठरत नाही. असा फरक पडेल अशा जागा नकाशावर एका वाकड्या रेषेवर ओळीनं मिळतात. तिसऱ्याच्या वेळेवरून दुसरी रेषा निघते. दोन रेषा जिथं छेदतात, तिथं सुरुंग उडाला.

विजेच्या लहरी मात्र सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. म्हणून सगळ्या सेन्सरांची घड्याळं जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी जुळवलेली असतात.

एकाच्या सांगण्यावर विश्वास नाही

मोटारीची ठिणगी, वेल्डिंग, खराब झालेली तार यांतूनही तशाच लहरी निघतात. सेन्सर फार हळवा ठेवला तर उगाच इशारे येत राहतात आणि दोन-चार वेळा फसलेला माणूस पुढं फोनकडे बघतच नाही. कमी हळवा ठेवला तर खरी वीज हुकते. यावर उपाय साक्षीदारांचा. वेल्डिंगची ठिणगी जवळच्या एखाद्याच सेन्सरला ऐकू येते, वीज शेकडो किलोमीटरवरच्या अनेकांना. पुरेशा सेन्सरांच्या वेळा एकमेकींशी जुळल्या तरच ती वीज म्हणून नोंदली जाते.

ही कल्पना जुनी आहे. रॉबर्ट वॉटसन-वॉट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात रेडिओ लहरींवरून वादळांचा माग काढत होते. फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांनीच रेडिओ लहरींनी विमान हुडकता येतं हे दाखवलं आणि त्यातून ब्रिटनचं रडार उभं राहिलं.

आता संदेशवहनाची यंत्रणाही या कामाला येऊ लागली आहे. दोन मोबाइल टॉवरमधली मायक्रोवेव्ह लहर पावसात क्षीण होते. ती किती क्षीण झाली यावरून पाऊस मोजता येतो, हे इस्रायलच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. म्हणजे बोलण्यासाठी उभारलेले टॉवर पर्जन्यमापकाचं कामही करू शकतात.

सीमेवर काय उपयोग?

बालाघाटचा जिल्हा इशारा भोपाळच्या हवामान केंद्रातून निघतो, गोंदिया-भंडाऱ्याचा नागपूरहून. ढग मात्र बाघ आणि वैनगंगा विचारून ओलांडत नाही. पुण्याच्या याच संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जिल्हा पाहत नाही, अंतर पाहतं. तुमच्या फोनच्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडली का, ते सांगतं. रजेगावच्या माणसाला वीज बालाघाट जिल्ह्यात पडली की गोंदियात, यानं फरक पडत नाही.

त्यासाठी फोनचं लोकेशन आणि इंटरनेट सुरू हवं. बांधीत फोन नेता येत नसेल, तर धुऱ्यावर थांबलेल्या एकाकडे द्यावा. आणि रेंजच नसेल तर कान आहेतच :

- लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच बांधी सोडा.
- झाडाखाली थांबू नका. पक्कं घर किंवा काचा लावलेली बंद गाडी गाठा.
- शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.
- वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ला फोन करा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

सेन्सरांचं जाळं जागा आणि वेळ सांगतं. त्यातून हाती येतात ती काही मिनिटं. उरलेल्या दोन ओळींची रोवणी आटोपून निघू, असं म्हणण्यात ती घालवू नयेत.