टेबल टेनिसचं जुनं टेबल टाकून देताय? थांबा, पृष्ठभाग पुन्हा खेळण्याजोगा असा करता येतो

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांच्या सभागृहात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत किंवा तरुण मंडळाच्या कार्यालयात टेबल टेनिसचं एखादं जुनं टेबल हमखास सापडतं. मधला रंग उडालेला, कडा फुटलेल्या, रेषा पुसट. नवीन टेबल घ्यायचं तर वर्गणी पुरत नाही. मग कुणीतरी उत्साहानं ऑइल पेंटचा डबा आणतो, रविवारी सकाळी ब्रश फिरवतो आणि टेबल होतं त्याहून वाईट होऊन बसतं. चेंडू घसरतो, ट्यूबलाइट टेबलात चमकते आणि नव्यानं शिकणाऱ्या मुलाचा हात चुकीच्या उसळीला सरावतो. ती सवय पुढे मोडणं अवघड जातं. म्हणून हे काम करायचं तर नीट करायचं. ते कसं, त्याची ही माहिती.

टेबल कसं असायला हवं?

नियमाप्रमाणे टेबलाची लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर आणि जमिनीपासून उंची ७६ सेंटिमीटर असते. पृष्ठभाग एकसारखा गडद रंगाचा आणि बिनचकाकीचा, म्हणजे मॅट, हवा. टेबल कशाचं बनवायचं यावर नियमात बंधन नाही. अट आहे ती उसळीची. ३० सेंटिमीटरवरून सोडलेला प्रमाणित चेंडू टेबलावर आपटून साधारण २३ सेंटिमीटर वर आला पाहिजे आणि ही उसळी सगळीकडे सारखी हवी.

दुरुस्तीचा सगळा खटाटोप या तीन गोष्टींसाठीच असतो: सपाटी, सारखी उसळी आणि मॅटपणा. रंग छान दिसतो की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

आधी तपासणी, मग खर्च

पहिल्यांदा स्टँड बघा. पाय डुगडुगत असतील किंवा दोन्ही भाग जाळीखाली एका पातळीत येत नसतील, तर वरून कितीही रंग दिला तरी उपयोग नाही. बोल्ट आवळा, पाणसळ ठेवून पातळी साधून घ्या.

नंतर सरळ अॅल्युमिनियमची पट्टी टेबलावर आडवी, उभी, तिरकी ठेवा आणि पलीकडून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड येतो तिथं खळगा आहे. पट्टी जिथं टेकून डुलते तिथं फुगवटा आहे. दोन्ही जागी खडूनं खूण करा.

तिसरी परीक्षा चेंडूची. ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून एकेका भागावर दहा-बारा ठिकाणी चेंडू सोडा. एखाद्या जागी उसळी मेल्यासारखी वाटली तर बोटानं ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आतले थर सुटलेत.

टेबल प्लायवूडचं असेल आणि थर थोड्या जागेत सुटले असतील, तर इंजेक्शनच्या सिरिंजनं आत फेविकॉल सोडून वर-खाली फळ्या लावून शिकंज्यात चोवीस तास आवळून ठेवता येतं. पार्टिकल बोर्ड मात्र पाणी पिऊन फुगला की तो परत बसत नाही. कोपरा फुगला असेल तर तेवढा कापून पॅच मारता येईल; मधला भागच फुगला असेल तर रंगावर पैसे घालू नका. जुना स्टँड ठेवून फक्त वरचा फळा बदलणं परवडतं का, ते सुताराला विचारा.

घासणं: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

दोन्ही भाग स्टँडवरून सोडवून घोड्यांवर आडवे ठेवा. उभ्या फळ्यावर रंग ओघळतो.

काचपेपर हातात धरून घासू नका. बोटांच्या दाबानं लाटा तयार होतात आणि त्या रंगानंतर जास्तच दिसतात. सपाट लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळा. सुरुवात १२० नंबरनं, मग १८०, शेवटी २२०. आधी तिरकं घासायचं, मग लांबीच्या दिशेनं.

सोपी युक्ती: घासण्याआधी पृष्ठभागावर पेन्सिलनं फिकट रेघोट्या मारा. घासल्यावर जिथं रेघोट्या शिल्लक राहतात, ती जागा खोल आहे.

पार्टिकल बोर्डच्या बाबतीत हात आवरता ठेवा. त्याचा वरचा थर बारीक भुश्शाचा, घट्ट आणि पातळ असतो. तो घासून गेला की खाली जाड, भुसभुशीत चिपा लागतात. तिथं रंग शोषला जातो आणि उसळीही उतरते. अशा टेबलाचा रंग पूर्ण काढायचा नाही. फक्त पापुद्रे काढून चकाकी मोडायची.

एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलांना फार घातक. त्यामुळे जुनं टेबल वर्गात किंवा मुलं खेळतात तिथं घासू नका. चांगला मास्क लावा, धूळ झाडूनं न उडवता ओलसर फडक्यानं पुसा आणि ते फडकं टाकून द्या. रंग जाळून काढायचा प्रकार तर करूच नका.

खळगे भरणं

बारीक चरे आणि ओरखड्यांना एनसी पुट्टी चालते. खोल खळगे आणि फुटलेल्या कोपऱ्यांसाठी गॅरेजवाले हार्डनर घालून वापरतात ती लांबी घ्या. ती कडक बसते. भिंतीची पुट्टी वापरू नका, फळा हलला की ती तडकते. फेविकॉल आणि खडूपूड कालवून भरायची पद्धतही इथं कामाची नाही. ती वाळताना आकसते, मऊ राहते आणि नेमक्या त्याच जागी चेंडू बसतो.

लांबी एकदम जाड थापू नका. पातळ दोन-तीन हात द्या. वाळल्यावर ठोकळ्यानं घासून पट्टी आणि टॉर्चनं पुन्हा तपासा. वरच्या कडा गोल होऊ देऊ नका. चेंडू वरच्या कडेला लागला तर तो टेबलावर पडला असं धरतात, उभ्या बाजूला लागला तर नाही. कडा गोलसर झाली की त्यावरून रोज वाद.

रंग कोणता?

चकाकणारा ऑइल पेंट नको, एवढं पहिलं. तशीच गुळगुळीत सनमायकाही नको. तिच्यावर चेंडूला पकड मिळत नाही.

परवडणारा पर्याय म्हणजे ब्लॅकबोर्डचा रंग. गडद असतो, मॅट असतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दोष असा की तो लवकर झिजतो आणि सुरुवातीला चेंडूला, रबराला लागतो. सरावाच्या टेबलाला चालून जातो.

टिकाऊ काम हवं असेल तर लाकडासाठीचा मॅट पीयू रंग फर्निचर पेंटरकडून स्प्रे करून घ्या. पण जुन्या ऑइल पेंटवर थिनरचा रंग थेट मारला तर खालचा थर सुरकुतून उचलतो. आधी एका कोपऱ्यात थिनरचं फडकं घासून बघा. रंग मऊ पडला तर तो पूर्ण काढावा लागेल, नाहीतर त्याच जातीचा मॅट रंग निवडावा लागेल.

हिशेब सोपा आहे. पूर्ण टेबलाचं क्षेत्रफळ साधारण ४.१८ चौरस मीटर, म्हणजे ४५ चौरस फूट. एक लिटर रंग एका हातात दहा चौरस मीटर धरला तर तीन हातांना सव्वा लिटर लागतो. स्प्रेमध्ये थोडा वाया जातो, तो वेगळा. प्रायमर वेगळा.

रंग देताना

आधी प्रायमर, त्यावर ३२० नंबरचा हलका हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या आणि ३२० नं हलकं घासून धूळ पुसा. शेवटचा हात घासायचा नाही. ब्रशच्या रेघा उमटतात, म्हणून स्प्रे नसेल तर बारीक फोमचा रोलर वापरा. दोन्ही भागांना एकाच डब्यातला रंग, एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं द्या. नाहीतर जाळीच्या अलीकडे-पलीकडे वेगळी उसळी. खालच्या बाजूला आणि कडांनाही एखादा हात द्या, म्हणजे फळा एकाच बाजूनं दमट होऊन वाकणार नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नका. खानापूर, चंदगडसारख्या झडीच्या भागात तर नाहीच. दमट हवेत एनसीसारख्या थिनरच्या रंगावर पांढरट झाक येते आणि रंग नीट कडक होत नाही. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे कोरडे दिवस चांगले.

रेषा

चारही कडांची पांढरी रेषा २ सेंटिमीटर रुंद आणि दुहेरीसाठीची मधली रेषा फक्त ३ मिलिमीटर. मास्किंग टेप लावून टेपची कड नखानं दाबा आणि मॅट पांढऱ्या रंगाचे पातळ हात द्या. रंग जाड झाला तर रेषेचा उंचवटा होतो आणि चेंडू तिथं लागून भलतीकडे जातो. रंग अर्धवट ओला असतानाच टेप सावकाश ओढून काढा.

त्यानंतर

किमान आठवडाभर खेळू नका. मग पुन्हा ३० सेंटिमीटरची परीक्षा घ्या आणि आधीच्या खुणांच्या जागा आवर्जून तपासा. एवढं करूनही हे टेबल सरावाचंच. मान्यताप्राप्त स्पर्धेला ते चालेल असं गृहीत धरू नका, आयोजकांना विचारा.

रोजची निगा साधी आहे. ओलसर फडक्यानं पुसा. रॉकेल, फरशीचं लिक्विड नको. शेजारी कॅरम असेल तर त्याची पावडर टेबलावर येऊ देऊ नका, चेंडू घसरतो. खिडकीतल्या उन्हापासून आणि झडीपासून लांब ठेवा, वर कापडी आच्छादन घाला.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. गणपतीत प्रसादाचे डबे, मीटिंगला चहाचे कप आणि सजावटीच्या वेळी चढायला स्टूल, या तिन्ही कामांना दुसरं टेबल बघा. या टेबलावर मुलांना खेळू द्या.