स्तनातील संशयास्पद गाठ : निदानासाठी प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया आवश्यक नाही

बेंगळुरू : स्तनात गाठ आढळली, की ‘आधी गाठ काढा, मग तपासा’ असा आग्रह अनेक कुटुंबांत धरला जातो. मात्र, प्रचलित वैद्यकीय पद्धतीनुसार निदानाची पहिली पायरी शस्त्रक्रिया नसून सुईद्वारे केली जाणारी बायोप्सी आहे.

बेंगळुरूच्या किडवई स्मारक कर्करोग संस्थेत १९८२ पासून कर्करोग रुग्णांची नोंदणी केली जाते. तीनुसार शहरातील महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. देशात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा ‘ग्लोबोकॅन’चा अंदाज आहे. तथापि, स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

‘कोअर बायोप्सी’मध्ये स्थानिक भूल देऊन, सोनोग्राफीच्या साहाय्याने, साधारणतः १४ गेजच्या सुईने ऊतींचे बारीक तुकडे घेतले जातात. ‘व्हॅक्यूम बायोप्सी’ची सुई अधिक जाड असते. ती एकदाच आत घालून अनेक नमुने शोषून घेता येतात. मॅमोग्राफीत दिसणाऱ्या, परंतु हाताला न लागणाऱ्या कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. दोन्हींत सहसा टाके पडत नाहीत. काळेनिळे पडणे व किंचित रक्तस्राव संभवतो.

काही अहवाल ‘बी-३’, म्हणजे अनिश्चित स्वरूपाचे येतात. नमुन्यात कर्करोग दिसत नाही, पण त्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही. पूर्वी अशा रुग्णांना शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला जाई. ब्रिटनच्या स्तन तपासणी कार्यक्रमाने २०१६ मध्ये यांपैकी अनेक प्रकारांत व्हॅक्यूम पद्धतीने सुमारे ४ ग्रॅम ऊती काढून तपासण्याचा पर्याय स्वीकारला. विकृत पेशी असलेल्या पॅपिलरी गाठी, तसेच फायलोड्सचा संशय असलेल्या गाठी यांना मात्र शस्त्रक्रियाच लागते.

सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निदान लांबवते. सुईच्या बायोप्सीमुळे रुग्णाचे आयुर्मान घटते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट, निदानाविना गाठ काढल्यास आणि ती कर्करोगाची निघाल्यास अनेकदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

बायोप्सीचा निष्कर्ष मॅमोग्राफी व सोनोग्राफीशी जुळणे महत्त्वाचे असते. तो जुळत नसल्यास, अहवाल निर्दोष असला तरी पुन्हा नमुना घेणे किंवा शस्त्रक्रिया करणे आवश्यक ठरते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना त्याची पूर्वकल्पना द्यावी लागते.