बुद्धिबळाची बैठक आणि तिचे टिपण

बुद्धिबळांचा जन्म ज्या देशात झाला त्या देशात खेळल्या गेलेल्या जुन्या डावांची टिपणे शोधू गेल्यास हाती फारच थोडे लागते. खेळाविषयी लिहिणारे मात्र आपल्याकडे पुष्कळ झाले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाला आणि फाशांच्या व कवड्यांच्या खेळांना मानाचे स्थान दिले आहे. सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी 'भगवंतभास्करा'च्या नीतिमयूखात बुद्धिबळांचे नियम सांगितले. हे भट्ट घराणे मूळ पैठणचे, काशीस जाऊन स्थायिक झालेले. परमुलखात मराठी मंडळींच्या बैठकीत पट मांडला जाण्याची परंपरा बरीच जुनी असावी, असे मानण्यास ह्या प्रकरणाने थोडा आधार मिळतो. १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत छापले गेले. त्यात मोहऱ्यांच्या मांडण्या आणि त्यांतील पेच आहेत.

परंतु नियम निराळे, पेच निराळे आणि डाव निराळा. अमुक वर्षी अमुक दोघे समोरासमोर बसले, एकाने कोणते प्यादे पुढे केले आणि दुसऱ्याने त्याला कसे उत्तर दिले, हे लिहून ठेवण्याची आपल्याकडे चाल नव्हती. आठवड्याचा एक दिवस ठरवून मित्र जमतात, पट मांडला जातो, बघेही खेळणाऱ्यांइतक्याच हिरिरीने चाली सुचवितात, आणि रात्र झाली की मोहरी पिशवीत जातात. ह्या गलबल्यात कागदाला जागा कोठून असणार? वास्तविक ह्या गलबल्यातच खेळाचा अर्धा आनंद असतो आणि तो मी कमी लेखीत नाही. पण फायलीवर नाही ते घडलेच नाही, असा आम्हां कारकुनांचा दंडक आहे. आणि इतिहासाचा न्याय त्याहून फारसा निराळा दिसत नाही.

ह्या न्यायाचे ठळक उदाहरण कलकत्त्याचे आहे. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर तेथे वकिली करीत असे. १८२२ मध्ये त्याने बुद्धिबळांवर ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे लंडनमध्ये हॉवर्ड स्टॉन्टनसारख्या अव्वल खेळाडूशी त्याचे शेकडो डाव झाले होते. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या क्लबातील एका सभासदाने त्याला सांगितले की, मुफस्सल भागात महेशचंद्र बंद्योपाध्याय नावाचा एक ब्राह्मण आहे आणि तो कधी हरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. कॉक्रनने त्याला भेटण्याची उत्सुकता दाखविली, आणि ह्या दोघांची बैठक जमली ती वर्षानुवर्षे टिकली. कलकत्त्यात कॉक्रनशी टक्कर देऊ शकेल असा हा एकच माणूस आहे, असे तेथून लिहिलेले पत्र लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' मासिकात १८५० मध्ये प्रसिद्ध झाले.

महेशचंद्राच्या खेळाचे वैशिष्ट्य देशी नियमांत रुजलेले होते. आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरकते. युरोपात ते दोन घरे उडी घेऊ शकते. एकेका घराने सरकणाऱ्या खेळात पटाच्या मध्यभागी घाईने धाव घेण्याला अर्थ नसतो. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे करावे, मोकळ्या झालेल्या घरात उंट आणून बसवावा आणि लांब तिरक्या पट्ट्यावर दुरून नजर ठेवावी, ही चाल देशी खेळाडूला सहजच सुचते. प्रतिस्पर्ध्याला मध्यभाग व्यापू द्यावयाचा आणि मग त्याच्या ठाण्यावर बाजूने मारा करावयाचा, ही त्यातली युक्ती. त्या काळच्या युरोपीय खेळाडूंना हा प्रकार विचित्र वाटे. पुढे विसाव्या शतकात ह्याच रचनांना प्रतिष्ठा मिळाली आणि 'इंडियन डिफेन्स' हे नाव रूढ झाले.

आता नावांचा हिशेब पाहा. कॉक्रनने महेशचंद्राविरुद्ध १८४८ च्या एका डावात चौथ्याच खेळीला घोड्याचा बळी दिला. तो प्रकार आजही 'कॉक्रन गॅम्बिट' म्हणून ओळखला जातो. उलट महेशचंद्राने १८५५ मध्ये कॉक्रनविरुद्ध जो बचाव मांडला, तो १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने स्पर्धांतून खेळून दाखविला आणि त्याचे नाव 'ग्रुनफेल्ड डिफेन्स' पडले. एकाचे नाव उरले, दुसऱ्याच्या वाट्याला देशाचे नाव आले. ह्यात कोणाचे कपट शोधण्याचे कारण नाही. कॉक्रनने डाव टिपून विलायतेस पाठविले नसते, तर महेशचंद्राचा एकही डाव आपल्यापर्यंत पोचला नसता. त्या अर्थी आपण कॉक्रनचे ऋणीच आहोत.

हे गोऱ्याकाळ्याचे प्रकरण आहे असेही म्हणता येत नाही. मद्रासच्या गुलाम कासिमने जेम्स कॉक्रन नावाच्या इंग्रज सहकाऱ्याबरोबर १८२९ मध्ये म्युझिओ गॅम्बिटवर पुस्तक छापले आणि मद्रास व हैदराबाद यांच्यात झालेले दोन डावही त्यात दिले. त्या गॅम्बिटच्या एका शाखेला गुलाम कासिमाचे नाव आहे. त्याने लिहिले, म्हणून ते उरले.

महेशचंद्राचा १८५५ चा तो डाव आज सहज मिळतो. त्यात काळी मोहरी महेशचंद्राची आहेत. प्रारंभ अगदी आजच्या पुस्तकांतल्यासारखा चालतो, मध्यभागही काही काळ बरोबरीत राहतो; मग सतराव्या खेळीला पांढरा घोडा पुढे घुसतो, पुढच्याच खेळीला राजाजवळचे प्यादे मारतो, आणि काळ्याच्या चुकीच्या उत्तरानंतर तीन खेळींत मात ठरते: वजिराचा बळी, आणि स्वतःच्याच हत्तीने कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. डाव कॉक्रनने जिंकला.