अर्जाची घडण

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोचली, आणि ज्या लोहमार्गाने या शहराला नवे महत्त्व दिले त्यानेच चेंदणीच्या कोळीवाड्याचे दोन भाग करून कोपरीला खाडीच्या बाजूस, पूर्वेकडे ठेवले. कलेक्टर कचेरी, न्यायालय, नगरपालिका ही सारी ठाणी पश्चिमेस असल्यामुळे कोपरीच्या रहिवाशाला गाऱ्हाणे मांडावयाचे झाले की अर्जाचा कागद हाती घेऊन रूळ ओलांडणे क्रमप्राप्तच होते.

अर्ज लिहिण्याची रीत आपल्याकडे मोगलाई-पेशवाईपासूनची. परंतु त्या अर्जात बहुधा हुजुराच्या कृपेची याचना असे. सार्वजनिक हक्काची मागणी संघटितपणे कागदावर उतरू लागली ती १८५२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन स्थापून पार्लमेंटकडे अर्ज धाडण्याचा उपक्रम आरंभिला तेव्हापासून. पुढे १८६६ मध्ये खुद्द ठाण्यात ‘अरुणोदय’ पत्र निघू लागले आणि जे गाऱ्हाणे कचेरीच्या दप्तरात निजून राहिले असते त्याला चव्हाट्यावर येण्याची वाट सापडली.

मात्र अर्जाची घडण कशी असावी याचा उत्तम पाठ ठाण्यातच जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी घालून दिला. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणीकामगारांची सभा भरवून त्यांनी जो अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. कामगारांच्या हालअपेष्टांचे करुण वर्णन करून थांबणे त्यांना सहज शक्य होते; पण त्यांनी कलमवार मागितले: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास साहाय्य. यांतील प्रत्येक कलमाला मालकाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येत होते. ‘विचार करू’ म्हणून टोलविण्यास जागा अशी उरलीच नव्हती. तरीही रविवारची सुट्टी पदरात पडावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला, आणि तोवर सभा, सह्या व नवे अर्ज यांचा पाठपुरावा अखंड चालू राहिला.

मागणी नेमकी असून भागत नाही. ती कोणाच्या अखत्यारीत येते हेही अर्जदारास ठाऊक असावे लागते. पूर्व द्रुतगती महामार्ग रुंद असता कोपरीचा रेल्वेवरील पूल मात्र कित्येक वर्षे अरुंदच राहिला, आणि तेथील कोंडीत सारा ठाणेकर अडकत आला. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या पुलाचा रुळांवरील भाग रेल्वेने बांधला, तर जोडरस्ते एमएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने. अशा कामी केवळ महापालिकेच्या नावाने लिहिलेला अर्ज, त्यातील भाषा कितीही ओघवती असली तरी, या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहणार हे उघड आहे.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी अधिकार कोणाचा, मागणी कोणती, आणि सही करणारे शेवटपर्यंत टिकतील काय, या तीन प्रश्नांचा निकाल लावावा. कागद दाखल करताना पोच घ्यावी, आणि पहिला अर्ज हा बहुधा शेवटचा नसतो हे सह्या करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.