पोहायला शिकल्याने लहान मुलांची भाषा सुधारते का?

पाण्यात उतरलेलं मूल हात-पाय मारतं, तसंच सतत काहीतरी ऐकतही असतं. 'काठ धर', 'पाय मार', 'वर ये'. त्यामुळे पोहण्याचा भाषेला खरंच फायदा होतो का, हा प्रश्न संशोधकांनाही पडला.

संशोधन काय सांगतं?

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने ५ वर्षांखालच्या, पोहायला जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या सुमारे ७ हजार मुलांची माहिती पालकांकडून घेतली. ही मुलं बोलण्यात आणि सूचना समजण्यात वयाच्या मानाने पुढे दिसली. मात्र या अभ्यासाला पोहण्याचे वर्ग चालवणाऱ्या क्षेत्राचा आर्थिक हातभार होता. शिवाय असे वर्ग परवडणाऱ्या घरांत मुलांना इतर संधीही जास्त मिळतात.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने २०२१ मध्ये वेगळा प्रयोग मांडला. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना आधी नवे शब्द शिकवले. मग कुणी पोहलं, कुणी क्रॉसफिटचा व्यायाम केला, तर कुणी चित्रं रंगवली. नंतरच्या चाचणीत पोहणाऱ्यांची कामगिरी १३ टक्के सरस ठरली. पण ही मुलं बरीच मोठी होती.

मग उपयोग नेमका कशाचा?

पाण्यात शब्द आणि कृती एकाच वेळी घडतात. 'आत-बाहेर', 'वर-खाली' हे शब्द मूल अंगाने अनुभवतं. तेच शब्द दरवेळी त्याच क्रमाने येतात आणि मोठ्या माणसाचा चेहरा अगदी जवळ असतो. 'एक, दोन...' म्हणून थांबलं की 'तीन' मूल स्वतः म्हणतं. थोडक्यात, नुसत्या पाण्यापेक्षा पाण्यातल्या गप्पा महत्त्वाच्या.

घरी काय करता येईल?

यासाठी तलावच हवा असं नाही. आंघोळीच्या वेळी बादली आणि मगही पुरतो. 'पाणी ओतलं', 'सांडलं', 'चेंडू तरंगला', 'चमचा बुडाला' असं घरच्या भाषेत बोलावं आणि मुलाच्या उत्तरासाठी थोडं थांबावं.

हे लक्षात ठेवा

बादलीतल्या थोड्या पाण्यातही बाळ बुडू शकतं. मूल कायम हाताच्या अंतरावर असावं आणि आंघोळ झाली की बादली रिकामी करावी.

मूल २ वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर पोहण्याच्या वर्गावर विसंबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कानांची तपासणी करून घ्यावी आणि गरज पडल्यास स्पीच थेरपिस्टची मदत घ्यावी.