पाण्याची पोढी आणि लांबून आलेला वाटसरू

मुंबईहून सुटलेले विमान तीन-साडेतीन तासांत दुबईला टेकते. जुन्नर, नारायणगाव, मंचरकडून अमेरिकेतल्या लेकीकडे निघालेले आईवडील अनेकदा तिथेच विमान बदलतात. बाहेर वाळवंट, आत दिवसासारखा लखलखाट, घड्याळ दीड तास मागे. पुढचा चौदा-पंधरा तासांचा प्रवास संपला की आठवडाभर दुपारी डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क उघडतात. ‘जेटलॅग’ हा शब्द आता तालुक्याच्या गावातही कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

समुद्रापलीकडच्याच दुसऱ्या एका वाळवंटातून माणसे दोन हजार वर्षांपूर्वी उलट दिशेने निघत. तेव्हाही दिवसाची रात्र होई, फक्त कारण वेगळे होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी हा मार्ग टप्प्याटप्प्याने सांगतो. नाईल नदीवरच्या कॉप्टसपर्यंत होडीने यायचे, तिथून उंटांवरून तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदराला जायचे. हे वाळवंट ओलांडायला बारा दिवस लागत. उन्हाच्या तडाख्यामुळे चाल बहुतेक रात्रीची, आणि दिवस काढायचा तो वाटेवरच्या मुक्कामांवर. हे मुक्काम पाण्याच्या ठिकाणांवर बांधलेले होते. पाणी जिथे, झोप तिथे.

बेरेनिकेत पोहोचले तरी सुटका नव्हती. पिण्याचे पाणी गावाबाहेरच्या किल्ल्यांतल्या विहिरींवरून वाहून आणावे लागे. भर उन्हाळ्यात तिथून जहाज सुटे, महिनाभराने अरबस्तानच्या टोकाशी येई, आणि पुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन चाळीस दिवसांत केरळातल्या मुझिरिसला लागे. बेरेनिके आणि आपला पश्चिम किनारा यांच्या सूर्योदयात सुमारे अडीच तासांचा फरक. सत्तर दिवसांत तो वाटून टाकला तर वाट्याला येतात रोजची जेमतेम दोन मिनिटे. शरीराला त्याचा पत्ताही लागत नसणार. थकवा होता तो उन्हाचा, तहानेचा, समुद्राचा.

उत्तरेकडे वळणारी जहाजे सोपारा, कल्याण, चौल या बंदरांकडे येत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत या तिन्ही बंदरांची नावे आहेत. कल्याणचा रस्ता मात्र नेहमी मोकळा नसे. पुस्तिका लिहिली गेली त्या काळात तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही ती सांगते. सातवाहन आणि क्षत्रप या राजवटींच्या झगड्याची झळ व्यापाऱ्याला अशी बसे.

बंदरावरून देशावर चढायचे तर समोर सह्याद्रीची भिंत. आंबेगावातल्या आहुप्याच्या घाटासारख्या वाटा अनेक आहेत, पण पैठणकडे जाणाऱ्या मालाची हमरस्त्याची वाट म्हणजे नाणेघाट. पायथ्याला वैशाखरे, माथ्यावर घाटघर, आणि पुढे तीसेक किलोमीटरवर जुन्नर. वर यायला आजच्या धडधाकट भटक्यालाही अडीच-तीन तास लागतात. शेवटच्या टप्प्यात वाट दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीत शिरते आणि अंगावर एकदम गार वारा येतो.

खिंडीच्या तोंडाशी चौकोनी लेणे आहे. आतल्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. त्यात यज्ञांचे आणि दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांचे आकडे आहेत. अभ्यासक या लेखासाठी येतात, आणि यायलाच हवे. पण त्याच भिंतींच्या तळाशी तिन्ही बाजूंनी फिरणारा दगडी बाक पाहावा. त्याला कसलीही नक्षी नाही. घाट चढून आलेल्या माणसाने पाठ टेकावी, इतकीच त्याची मागणी. माथ्यावरचा मोठा दगडी रांजण लोक जकातीचा म्हणून दाखवतात आणि सगळी छायाचित्रे त्याचीच निघतात. नाणेघाटची खरी श्रीमंती मात्र कातळात खोदलेल्या टाक्यांत आहे. भाद्रपदात इथे चहूकडे पाणी खळाळते. फाल्गुन लागला की कातळ कोरडा पडतो आणि माणसाला, बैलाला टाक्यांचाच आधार उरतो.

अशा टाक्याला त्या काळच्या प्राकृतात ‘पोढी’ म्हणत. नाणेघाटातला एक छोटा लेख सांगतो की ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. समुद्रकाठच्या माणसाने घाटमाथ्यावर पाणी ठेवले! ही वाट त्याच्या पायाखालची असली पाहिजे. तहान नेमकी कुठे लागते, हे त्याशिवाय कसे कळणार?

जुन्नरच्या डोंगरांत शिरले की हाच धागा पुन्हा पुन्हा हाताला लागतो. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशा समूहांत मिळून इथे दोनशेवर खोदकामे आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले आणि सोबत पोढी दिली. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने लेखात नोंदलेल्या 46 व्या वर्षी मानमोडीत मंडप दिला, तोही पोढीसह.

आणि यवन. मुळात आयोनियाच्या ग्रीकांसाठीचा हा शब्द पुढे पश्चिमेकडच्या लोकांसाठी सैल अर्थाने रुळला. जुन्नरच्या लेखांत तीन यवन दाते आहेत. चंद नावाच्या यवनाने दर्शनी भागाचे काम दिले. ‘गत’ म्हणवणाऱ्या लोकांपैकी चित याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. गतांपैकीच इरिल याने दिल्या दोन पोढी. लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, दान बौद्ध संघाला. हे लोक नुकते जहाजातून उतरलेले नव्हते, इथल्या मातीत मुरलेले होते, असेच वाटते. तरी इरिल हे नाव कानाला परके लागतेच. त्याच्या घराण्यात परक्या मुलखाची आठवण किती उरली होती ते लेखात नाही. देताना त्याने पाणी निवडले, एवढे मात्र दगडावर आहे.

विहारातल्या पोढीचे पाणी आधी भिक्षूंचे. पण हे विहार व्यापारी वाटांवर वसलेले, आणि त्यांना दान देणारे याच वाटांवर फिरणारे. समुद्रमार्गे आलेल्यांना घाईही करता येत नसे. परतीचा ईशान्य वारा मार्गशीर्ष-पौषाकडे सुरू होई, तोवर महिनोन्महिने इथेच मुक्काम.

परतीच्या टोकाचा पुरावा अलीकडे हाती आला. बेरेनिकेच्या उत्खननात 1999 साली भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली होती. 2022 मध्ये तिथल्या इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात भूमध्य समुद्राकडच्या संगमरवरात घडवलेली 71 सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती मिळाली. 2023 साली ती जगाला दाखवली गेली, तेव्हा त्याच मंदिरातल्या आणखी दोन लहान वस्तूंचीही बातमी आली. ती होती दुसऱ्या शतकातली सातवाहनांची दोन नाणी.