अंत्रुजातील कार्तिकदीप आणि मनुष्यऋण

कार्तिक शुद्ध पौर्णिमेस सूर्यास्त झाला की गोमंतकातील अंत्रुज महालात, म्हणजेच आजच्या फोंडा तालुक्यात, देवालयांचे दीपस्तंभ उजळू लागतात. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ कोनाड्याकोनाड्यांतून प्रकाशमान होतो. त्रिपुरासुराच्या वधाचे स्मरण म्हणून हा दीपोत्सव सर्वत्र होतो. परंतु अंत्रुजातील या ज्योतींच्या मागे दुसराही एक इतिहास उभा आहे. तो विस्थापनाचा, आश्रयाचा आणि त्यांतून उपजलेल्या कृतज्ञतेचा होय.

अंत्रुजातील अनेक प्रमुख दैवते मूळची तेथील नव्हेत. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, श्रीशांतादुर्गेचे केळोशी, श्रीम्हाळसेचे वेर्णे, श्रीरामनाथाचे लोटली, तर श्रीमहालक्ष्मीचे कोलवे. ही सर्व गावे जुन्या साष्टी प्रांतातील. १५४३ साली साष्टी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि १५६७ साली साष्टीतील देवालयांचा सरसकट विध्वंस करण्यात आला. धर्म सोडणे किंवा घरदार सोडणे, एवढेच दोन मार्ग पुष्कळांपुढे उरले. ज्यांनी दुसरा मार्ग पत्करला, त्यांनी शेतीवाडी आणि पिढीजात गावकी मागे टाकली. देव मात्र टाकले नाहीत. जुवारी नदीपलीकडे नेलेल्या या मूर्ती प्रियोळ, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे अशा ठिकाणी विसावल्या.

त्या वेळी अंत्रुज महाल विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. एका राज्यातून उखडलेल्या देवांना दुसऱ्या, परधर्मीय सुलतानाच्या राज्यात आसरा मिळाला, ही गोष्ट इतिहासाने प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. त्याहूनही मोठे उपकार तेथील ग्रामस्थांचे. आपले ग्रामदैवत, आपली जमीन, आपले पाणी असताना त्यांनी परक्या गावच्या देवांना आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या निर्वासित कुटुंबांना जागा करून दिली.

हे देव आले त्याच दिवशी दीपस्तंभ उभे राहिले नाहीत. प्रारंभीची स्थाने साधीच होती. वैभव आले ते मराठेशाहीच्या काळात. शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने कवळे येथील श्रीशांतादुर्गेचे आजचे देवालय १७३८ च्या सुमारास उभे राहिले. १७३९ साली रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने पेशव्यांकडून श्रीमंगेशाला मंगेशी गाव इनाम मिळाला. येथे एक विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. याच्या अवघी दोनतीन वर्षे आधी, १७३६ साली, पोर्तुगीज मुलखात इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने अंगणात तुळस लावण्यासही मनाई केली होती. नदीच्या एका तीरावर तुळशीपुढची पणतीही संशयास्पद ठरत होती. दुसऱ्या तीरावर दूरवरून दिसावेत असे दीप आकाशाखाली लावले जात होते. दीपस्तंभ हा केवळ शोभेचा नव्हे, निर्भयतेचाही स्तंभ आहे. १७६३ साली अंत्रुजही पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, पण तोवर काळ पालटला होता आणि ही देवालये टिकून राहिली.

राजे आणि मंत्री यांच्या दानांना सनदांचा आधार आहे. पहिल्या रात्री दार उघडणाऱ्या गृहस्थाची मात्र सनद नाही. गवताची झोपडी शाकारून देणारा, पहिली ओंजळभर वातीपुरते खोबरेल देणारा, पणत्या घडविणारा कुंभार, यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत.

देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मण चौथेही ऋण सांगते, ते मनुष्यऋण. ते फेडण्याचा मार्गही तेथेच सांगितला आहे: मनुष्यांना वसतीस जागा द्यावी व अन्न द्यावे. अंत्रुजाच्या ग्रामस्थांपैकी किती जणांनी हे वचन ऐकले असेल? पण आचरिले मात्र त्यांनी अक्षरशः.

आश्रय मिळालेल्या समाजानेही हे ऋण त्याच रीतीने फेडण्याचा यत्न केला. गोमंतकातील देवालयांभोवती उभ्या असलेल्या अग्रशाळा, उत्सवातील अन्नसंतर्पणे, मठांतून विद्यार्थ्यांना मिळणारे निवास व भोजन ही त्याच फेडीची रूपे होत. ज्यांचे पूर्वज एकदा निराश्रित झाले, त्यांच्या देवळात वाटसरूला रात्रीचा निवारा मिळावा, हे उचितच नव्हे काय?

म्हणून कार्तिकात दीपस्तंभावर तेल घालताना पहिली वात देवाच्या नावे लावावी, दुसरी पूर्वजांच्या. आणि एक तरी वात त्या अनामिक ग्रामस्थांच्या नावे लावावी. तेल सरले की ज्योत विझते. परंतु दारी आलेल्या निराश्रिताला जोवर मठात व घरात स्थान आहे, तोवर हा दीपोत्सव अखंड आहे, असेच समजावे.